वाटून घेतलेली सेवा : प्रस्तावना

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातली पहिली नवी जबाबदारी एका तक्रारीतून निर्माण झाली. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जाई. आमच्या विधवांना डावलले जाते, अशी ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी कुरकुर सुरू केली. बारा प्रेषितांनी ती कुरकुर दाबली नाही आणि वाटपाचे काम आपल्याच हाती धरूनही ठेवले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावून चांगल्या नावाची सात माणसे निवडायला सांगितले. लोकांनी माणसे निवडली आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्या सातांची नावे दिली आहेत. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचा कारभार गेला.

मंडळीतील सेवेविषयीचे जवळजवळ सगळे प्रश्न या लहानशा प्रसंगात येऊन जातात. गरज कोणाची आहे? माणसे कोणी निवडायची? त्यांना अधिकार कोण देणार? आणि एका कामासाठी नेमलेल्याने आयुष्यभर तेवढेच करत राहायचे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याच पुस्तकात पुढे मिळते. अन्नवाटपासाठी नेमलेला स्तेफन प्रभावी वक्ता निघाला आणि मंडळीचा पहिला हुतात्मा झाला. फिलिप्प सुवार्ता सांगत शोमरोनात गेला. पुढे पौल कैसरीयात त्याच्या घरी उतरला, तेव्हा लोक त्याला 'सुवार्तिक' म्हणूनच ओळखत होते. पंगत वाढणाऱ्याने उपदेश करू नये, असे त्या मंडळीत कोणी म्हटले नाही.

आज मंडळीत सेवेच्या कोणत्या जबाबदाऱ्या आहेत, त्या कुठून आल्या, त्या पार पाडणाऱ्याकडून काय अपेक्षा करावी आणि त्याने कोणाला हिशेब द्यावा, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो मांडताना माझ्या मनात एक ठाम भूमिका आहे आणि ती वाचकाला सुरुवातीलाच सांगतो. मंडळीतले प्रत्येक पद इतरांना सेवेसाठी तयार करण्याकरिता असते. जो सेवक एकटाच सगळे करतो तो कितीही कष्टाळू असला, तरी त्याच्या मागे दुबळी मंडळी उरते. आणि जी मंडळी सगळे एकट्यावर सोपवते, ती त्याला संपवते आणि स्वतःही वाढत नाही.

हे सांगण्याची गरज आपल्या मंडळ्यांकडे पाहिले की कळते. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या पाळकसाहेबांचा आठवडा डोळ्यांपुढे आणा. रविवारी दोन-तीन ठिकाणी उपासना आणि उपदेश. मधल्या दिवसांत बाप्तिस्म्याची तयारी, लग्ने, मयत, आजाऱ्यांच्या भेटी. भाऊबंदकीच्या तंट्यात मध्यस्थी. मुलांच्या शाळाप्रवेशासाठी दाखले. गळक्या छपरासाठी वर्गणी. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टचे कागद. या यादीतल्या किती कामांना दीक्षाविधीची गरज आहे? आणि मंडळीतले निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी, शेतकरी, गृहिणी यांच्यापैकी कितीजणांना ही कामे पाळकापेक्षा चांगली जमतील? हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर आपल्याकडे माणसांचा तुटवडा नाही, कामाची वाटणी चुकली आहे, हे दिसते.

पवित्र शास्त्रातील चित्र

नव्या करारात सेवांची एकच ठरावीक यादी सापडत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक यांची नावे येतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे आणि शिक्षक आहेत. त्यांच्याच ओळीत रोग बरे करण्याचे दान, इतरांना साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे हेही आहे. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शिकवणे, बोध करणे, देणे, पुढारीपण आणि दया दाखवणे ही दाने एकत्र गुंफली आहेत. याद्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण पौल नियमावली लिहीत नव्हता. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या अडचणींत सापडलेल्या मंडळ्यांना तो पत्रे लिहीत होता. त्याच्या दृष्टीने मंडळी हे शरीर आहे, आणि डोळ्याने हाताला 'तुझी मला गरज नाही' असे म्हणून चालत नाही.

तरीही या याद्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हिशेब आणि व्यवस्था पाहणारा माणूस उपदेशकाच्याच यादीत बसतो, ही पहिली. दुसरी इफिसच्या पत्रातली. तिथे ही दाने कशासाठी दिली हे लगेच पुढच्या वचनात सांगितले आहे. पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी सिद्ध करावे आणि ख्रिस्ताचे शरीर उभारावे, हा तो हेतू आहे. म्हणजे सेवा करणारे पवित्र जन आहेत, आणि पाळक-शिक्षक हे त्यांना तयार करणारे आहेत.

हळूहळू स्थिर पदेही दिसू लागतात. तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांत अध्यक्ष, वडील आणि सेवक कसे असावेत याचे निकष आहेत. ते वाचताना आजच्या निवडसमित्यांनी जरा थांबावे. पदवी किंवा वक्तृत्वाची स्पर्धा तिथे नाही. माणूस एका पत्नीचा पती आहे का, नेमस्त आहे का, पाहुणचार करतो का, द्रव्यलोभी तर नाही ना, आपले घर नीट चालवतो का, बाहेरच्या लोकांत त्याचे नाव चांगले आहे का, असे प्रश्न आहेत. शिकवण्याची हातोटी हा निकष आहे, पण बाकी बहुतेक निकष स्वभावाचे आहेत. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे. पौल मिलेत येथे इफिसच्या वडिलांना बोलावतो आणि त्याच भाषणात त्यांना अध्यक्ष म्हणतो. त्या काळी ही दोन पदे अजून एकमेकांपासून वेगळी झालेली नव्हती.

पदांची घडण

वडील आणि अध्यक्ष ही पदे वेगळी व्हायला फार काळ लागला नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नातियस याच्या पत्रांत एक बिशप (म्हणजे अध्यक्ष), त्याच्याबरोबरचे वडील आणि डीकन (म्हणजे सेवक) अशी तीन पातळ्यांची रचना स्पष्ट दिसते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि ॲंग्लिकन परंपरांनी ती आजवर सांभाळली आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने तिला आव्हान दिले. सर्व विश्वासणारे याजक आहेत, असा आग्रह मार्टिन ल्यूथरने धरला. जॉन कॅल्व्हिनने १५४१ मध्ये जिनिव्हाच्या मंडळीसाठी पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदे नेमून दिली. आपल्याकडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत वडिलांच्या सभेला जे वजन आहे, त्याचे मूळ इथे आहे.

कॅथलिक मंडळीत मोठा बदल आला तो १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. प्रापंचिकांना बाप्तिस्म्यामुळेच मंडळीच्या कार्यात वाटा आहे, हे या परिषदेने ठासून सांगितले. १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कायमस्वरूपी डीकनपद पुन्हा सुरू केले. त्यामुळे विवाहित पुरुषालाही डीकन म्हणून दीक्षा घेता येऊ लागली. १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती अनिवार्य केली. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक या सेवा स्त्रियांनाही अधिकृतपणे खुल्या केल्या आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकाच्या कार्याला स्वतंत्र सेवापदाचा दर्जा दिला.

प्रोटेस्टंट मंडळ्या याच काळात एकमेकींच्या जवळ येत होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्या सहांत बिशप मानणारे ॲंग्लिकन होते, आणि स्थानिक मंडळीला सर्वाधिकार देणारे बॅप्टिस्टही होते. बिशप, प्रेस्बिटर (म्हणजे पाळक) आणि डीकन ही पदे एकत्रित मंडळीने स्वीकारली आणि त्यांच्याबरोबर निवडून आलेल्या समित्यांनाही स्थान दिले. महाराष्ट्रातल्या अनेक पास्टोरेट कमिट्यांत आजही या वेगवेगळ्या परंपरांचे संस्कार शेजारी शेजारी बसलेले दिसतात. काही वादांचे मूळ तिथेच असते. असा वाद माणसांच्या स्वभावाचा नसून दोन जुन्या व्यवस्थांचा आहे, एवढे कळले तरी बैठकीतला सूर बदलतो.

मराठी मंडळीने पाहिलेले सेवक

सेवा फक्त दीक्षित माणसांच्या हातून होते, हा समज मराठी ख्रिस्ती इतिहास सहज खोडून काढतो. थोडे मागे जाऊ. गोव्यातील साष्टी प्रांतात काम करणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. धर्मगुरूने स्थानिक लोकांची भाषा शिकावी आणि त्यांच्याच पुराणांच्या वळणाने ओवीबद्ध कथा सांगावी, हे शिक्षकाच्या सेवेचे उत्तम उदाहरण आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे मिशनचे मोठे केंद्र झाले. १८२७ मध्ये आलेल्या अविवाहित शिक्षिका सिंथिया फरार यांनी आधी मुंबईत आणि नंतर नगरात मुलींच्या शाळा चालवल्या. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे मराठी पाळक दीक्षित झाले. पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मंडळी टिकवून धरली ती गावच्या मास्तरांनी. मिशनच्या शाळेत आठवडाभर मुले शिकवायची, रविवारी त्याच खोलीत उपासना चालवायची, कोणी आजारी पडले तर प्रार्थनेला जायचे, हे सगळे तो एकटा माणूस करी. त्याला दीक्षा मिळालेली नसे, पगार तुटपुंजा असे. आज नगर, संभाजीनगर, जालना भागांतल्या अनेक कुटुंबांचा विश्वास अशाच एखाद्या मास्तरापर्यंत मागे जातो.

बायबल-स्त्रियांची कामगिरीही तितकीच मोठी. पुरुष उपदेशकाला ज्या माजघरात शिरकाव नव्हता, तिथे या स्त्रिया गेल्या. त्यांनी अक्षरे शिकवली, वचने पाठ करून घेतली, बाळंतिणींची आणि आजाऱ्यांची विचारपूस केली. त्यातल्या अनेक विधवा होत्या. समाजाने बाजूला सारलेल्या स्त्रीला मंडळीत मानाचे काम मिळणे, हीच त्या काळात एक सुवार्ता होती.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ही परंपरा आपल्या शिखरावर पोहोचते. दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवा तिथे आल्या, शिकल्या, कामाला लागल्या. १९०५ च्या संजीवनानंतर त्यांच्या टोळ्या प्रार्थनेसाठी आणि सुवार्तेसाठी गावोगाव फिरू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेले हे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये बाहेर पडले. रमाबाईंना कोणत्याही मंडळीने पाळकपदाची दीक्षा दिली नव्हती. तरी सुवार्तिक, शिक्षिका, व्यवस्थापक आणि निराधारांची आई या चारही सेवा त्यांच्या एका आयुष्यात सामावल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक दीक्षित पाळक होते. त्यांनी कीर्तन, अभंग आणि ओवी यांना उपासनेत हक्काची जागा मिळवून दिली. आज मराठी मंडळीत गाणाऱ्याची, पेटी-तबला वाजवणाऱ्याची सेवा आपण गृहीत धरतो. तिच्यामागे टिळक आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवी-कीर्तनकारांची मेहनत आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. पतीच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. लेखणीही सेवा करते, याला याहून चांगला दाखला कोणता?

कॅथलिक परंपरेत वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव याच ओळीत येते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी दिलेला लढा, 'सुबोध बायबल' आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हे सारे त्यांनी धर्मगुरू म्हणूनच केले. वेदीपुरते धर्मगुरुपण त्यांनी मानले नाही.

आणि वैद्यकीय सेवा विसरून चालणार नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. तिथे शिकलेले डॉक्टर आणि परिचारिका पुढे दूरदूर पोहोचल्या. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यातल्या निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इतरांना सेवेसाठी सिद्ध करायचे म्हणजे काय, हे मला जामखेडच्या कामातून सर्वांत स्वच्छ समजते. डॉक्टरांनी आपले ज्ञान स्वतःजवळ राखून न ठेवता वाटून दिले, म्हणून एका दवाखान्याचे काम गावोगाव पोहोचले.

आजच्या जबाबदाऱ्या

आज मराठी मंडळ्यांत दिसणाऱ्या प्रत्येक सेवेचा सविस्तर विचार पुढील प्रकरणांत केला आहे. इथे त्यांची फक्त ओळख करून देतो.

पाळक किंवा धर्मगुरू हा वचन आणि संस्कार यांचा सेवक. उपदेशाची तयारी, प्रार्थना आणि माणसांच्या घरी जाणे ही तीन कामे त्याने कधीही दुसऱ्यावर ढकलू नयेत. बाकीची बहुतेक कामे त्याने वाटून द्यावीत. बिशप हा अनेक मंडळ्यांच्या ऐक्याचा राखणदार. त्याचे पहिले काम सेवकांची काळजी घेणे हे आहे, आणि मालमत्तेच्या कज्ज्यांनी त्याचे दिवस खाऊन टाकू नयेत. वडील किंवा कमिटीचे सभासद हे पाळकाचे सल्लागार आणि मंडळीचे राखणदार. वर्षातून एकदा निवडणुकीला उभे राहणे एवढेच ते काम नाही. डीकनची सेवा भुकेल्या, आजारी आणि एकट्या पडलेल्यांसाठी आहे. ही सेवा अनेक मंडळ्यांत वेदीजवळच्या मदतीपुरती उरली आहे, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणली पाहिजे.

सुवार्तिकाला अजूनही काम आहे, पण ते बदलले आहे. आज तो गावच्या चावडीवर जेवढा बोलतो, तेवढाच शेजाऱ्याच्या अडचणीत उभा राहून बोलतो. संडे स्कूलच्या शिक्षिका आणि धर्मशिक्षक पुढच्या पिढीचा विश्वास घडवतात, आणि मंडळीतल्या सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या सेवकांत त्यांचीच गणना होते. ही उणीव मला मोठी वाटते. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी, ज्ञानदीप विद्यापीठ, महाराष्ट्राची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी अशा संस्था आहेत. त्यांच्या ज्ञानाचा झरा रविवारच्या वर्गापर्यंत पोहोचवण्याची वाट मंडळ्यांनीच बांधायची आहे.

रुग्णालय, तुरुंग आणि वृद्धाश्रम यांत भेट देणारे, व्यसनमुक्ती आणि समुपदेशनाचे काम करणारे, स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांत अभ्यासवर्ग चालवणारे हेही मंडळीचे सेवक आहेत. करोनाच्या काळात २०२० मध्ये उपासना बंद झाल्या तेव्हा मोबाइलवर प्रक्षेपण करणारे तरुण आणि फोनवरून रोज प्रार्थना करणाऱ्या आज्या यांनीच अनेक मंडळ्या एकत्र ठेवल्या. पौल तंबू शिवून आपला खर्च भागवी. आज आठवडाभर नोकरी करून रविवारी मंडळी सांभाळणारे सेवकही त्याच वाटेने चालत आहेत. त्यांना अर्धवट पाळक समजणे अन्यायाचे आहे.

खजिनदार आणि सचिव यांचे काम मी मुद्दाम वेगळे नोंदवतो. मंडळ्यांचे बहुतेक ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले आहेत. दरवर्षीचा हिशेब, लेखापरीक्षण, बदलांची नोंद ही कायद्याची बंधने आहेत. व्यवस्था पाहणे हे करिंथकरांस पत्रात दान म्हणून गणले आहे. स्वच्छ हिशेब ठेवणारी व्यक्ती मंडळीचे नाव जितके राखते, तितके उत्तम उपदेशकही राखू शकत नाही.

प्रेषित आणि संदेष्टे यांच्याविषयी मंडळ्यांत खोल मतभेद आहेत. ही दाने पहिल्या पिढीबरोबर संपली, असे काही मंडळ्या मानतात. पेंटेकॉस्टल आणि नव्या स्वतंत्र मंडळ्यांत ती आजही दिली जातात, असे मानले जाते, आणि काही सेवक तशी पदवीही लावतात. या वादाचा निकाल मी इथे देत नाही. पण एक कसोटी दोन्ही बाजूंना मान्य व्हावी, कारण ती शास्त्राचीच आहे. संदेष्ट्याचे बोलणे इतरांनी पारखावे, असे पौल स्पष्ट लिहितो. जो आपले बोलणे कोणालाही पारखू देत नाही, त्याची पदवी कोणतीही असो, त्याच्यापासून मंडळीने सावध राहावे.

स्त्रियांचे स्थान

रोमकरांस पत्राच्या अखेरीस पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करतो आणि स्वतःलाही तिने साहाय्य केल्याचे सांगतो. प्रिस्किल्ला आणि तिचा पती अक्विल्ला यांनी अपुल्लो या विद्वान वक्त्याला आपल्या घरी नेऊन अधिक नीट शिकवले. लुदियेच्या घरी फिलिप्पैची मंडळी जमू लागली. या स्त्रियांना वगळले, तर पहिल्या शतकाचा इतिहास लिहिताच येणार नाही.

आजच्या भूमिका वेगवेगळ्या आहेत. कॅथलिक मंडळी स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देत नाही. धर्मभगिनी मात्र शिक्षण, आरोग्य आणि समाजकार्यात आघाडीवर आहेत. मुक्तिफौजेने, म्हणजे साल्वेशन आर्मीने, आरंभापासून स्त्रियांना पूर्ण अधिकारी मानले. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्त्रियांना प्रेस्बिटरपदाची दीक्षा देते. चर्च ऑफ साऊथ इंडियात २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता पहिल्या स्त्री बिशप झाल्या. ज्या मंडळ्यांनी दार उघडले आहे, त्यांनी कागदावरचा हक्क प्रत्यक्षात उतरवावा. दीक्षित स्त्रीला मोठ्या मंडळीची जबाबदारी न देता केवळ महिला मंडळापुरते ठेवणे हा तिच्या पाचारणाचा अपमान आहे. ज्या मंडळ्यांची शिकवण वेगळी आहे, त्यांनीही निर्णयाच्या टेबलाशी स्त्रियांना बसवण्यात शास्त्राचा अडथळा नाही, हे ध्यानात घ्यावे.

अधिकार आणि उत्तरदायित्व

सेवेचे पद सत्तेचे आसन झाले की मंडळीची हानी होते, आणि ती भरून यायला पिढ्या लागतात. आपल्यात ती हानी झाली आहे. जमिनींच्या मालकीवरून कोर्टकज्जे झाले. काही ठिकाणी निवडणुका जातीवर आणि पैशावर लढल्या गेल्या. बाप्तिस्म्याने मिळालेली बरोबरी पदवाटपाच्या वेळी विसरली गेली, आणि त्याची झळ दलित बांधवांना सर्वांत जास्त सोसावी लागली. मुलांच्या सुरक्षिततेबाबत जगभरच्या मंडळ्यांनी केलेली दिरंगाई हा तर लाजेने मान खाली घालायला लावणारा अध्याय आहे. या गोष्टी बोलल्याने मंडळीची बदनामी होत नाही. त्या झाकल्याने होते.

म्हणून प्रत्येक सेवेबरोबर तीन व्यवस्था असाव्यात, असे मी पुढे सविस्तर मांडले आहे. प्रत्येक पदाची मुदत ठरलेली असावी. प्रत्येक सेवकाच्या कामाची पारख करणारे, त्याच्या हाताखाली नसलेले कोणीतरी असावे. आणि प्रत्येक जुन्या सेवकाने आपल्याबरोबर एक नवा सेवक तयार करावा. येशूने बारांना बरोबर घेऊन शिकवले, बारांनी सातांवर हात ठेवले, पौलाने तीमथ्याला विश्वासू माणसांच्या हाती हे शिक्षण सोपवायला सांगितले. साखळी कायम ठेवणारा सेवक हाच यशस्वी सेवक.

हे पुस्तक एकट्याने वाचण्यासाठी लिहिलेले नाही. कमिटीच्या बैठकीत, महिला मंडळात, तरुण संघात, धर्मग्रामाच्या परिषदेत त्याचे एकेक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि त्यावर वाद घालावा. माझे म्हणणे पटले नाही, तर शास्त्र उघडून ते खोडावे. त्याचाही मला आनंद होईल. मात्र वाचून झाल्यावर एक काम प्रत्येक मंडळीने जरूर करावे. येत्या महिन्यात एका कागदावर आपल्या मंडळीतल्या सगळ्या कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे ते आज कोण करते ते लिहा, आणि शेजारच्या रकान्यात ते आणखी कोणाला जमेल ते लिहा. मग त्या दुसऱ्या रकान्यातल्या माणसांच्या घरी जा, त्यांचे पाचारण त्यांना नावाने सांगा, त्यांना शिकवा, आणि प्रार्थना करून काम त्यांच्या हाती द्या.